विमानामागची रेघ आणि गंगापूरचे मामा

आमची मुलगी बंगळूरला विमानाच्या इंजिनांवर काम करते. तिचे वडील मात्र इथं आमच्या उस्मानपुऱ्यातल्या भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना सांगत सुटतात, "आमची पोरगी विमानं बनवते." ती चिडायची. "बाबा, मी विमान नाही बनवत. विमानामागं पांढरी रेघ उमटते ना, ती कमी कशी होईल ते बघते." यावर हे म्हणायचे, "तेच ते." पाहुण्यांना रेघेचं काय सांगायचं, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

मागच्या हिवाळ्यात ती सुट्टीवर आली आणि यांनी लगेच एक स्थळ बोलावलं. मुलगा पुण्यात नोकरीला, आईवडील साधे, हसतमुख. सोबत मुलाचे मामा होते, गंगापूरचे. तिकडं त्यांचा ऊस-कापूस. आवाज असा, की ते जिन्यात बोलले ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

पोहे झाल्यावर मामांनीच सुरुवात केली. "पोरी, तू विमानं बनवतीस म्हणं?"

मी यांच्याकडं बघितलं. हे पंख्याकडं बघत होते.

"नाही मामा. विमानामागं पांढरी रेघ असते, तिच्यावर माझं काम आहे."

मामांनी बशी खाली ठेवली. "पाऊस पळवणारी रेघ? ती तुमची व्हय? आमच्याकडं आभाळ भरून येतं, वरून विमान जातं, धूर सोडतं आन ढग पांगतात. लई वर्षं झाली मी त्या विमानवाल्यांना शिव्या देतोय. आज माणूस घावलं!"

"दादा, आपण मुलगी बघायला आलोय," मुलाची आई हळूच म्हणाली.

पण आमच्या मुलीचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं हिला मामाच पसंत पडले. "चला गच्चीवर, दाखवते," म्हणत ती उठलीसुद्धा. तिच्यामागं मामा, मामांच्या मागं सगळी वरात. माझे पापड वाळत होते, त्यांच्या कडेकडेनं सगळे उभे राहिले. आभाळ स्वच्छ होतं आणि एक विमान लांबलचक रेघ ओढत चाललं होतं.

"मामा, हा धूर नाही. इंजिनात तेल जळलं की वाफ निघते, थोडी काजळी निघते. वर इतकी थंडी असते, की वाफ त्या काजळीच्या कणांवर गोठते. तुम्हाला दिसतोय तो बर्फ आहे."

"बर्फ? विमानाच्या बुडातून?"

मुलाच्या वडिलांना ठसका लागला.

"पाऊस काही ती पळवत नाही. पावसाचे ढग बहुतेक तिच्या खालीच असतात. पण ती अगदी साधीभोळीही नाही. वरची हवा कोरडी असली तर लगेच विरते. दमट असली तर पसरते, तिचा पातळ ढग होतो आणि जमिनीची ऊब वर जाऊ देत नाही. दिवसा थोडं ऊन अडवतो, पण एकंदरीत ऊबच वाढवतो."

"मंग इंजिन सुधारा की."

"तिथंच तर गंमत आहे. नवं इंजिन तेल कमी पितं. त्यातून बाहेर पडणारी हवा मग कमी तापलेली असते आणि त्यामुळं रेघ उलट सहज उमटते."

मामा तिच्याकडं वळले. "म्हंजे ॲव्हरेज वाढवलं की रेघ बी वाढती?"

"हो."

"मंग तुमी पगार कशाचा घेता?"

हे जोरात खोकले. मुलगी हसत हसत टाकीच्या कट्ट्यावर बसली. मग तिनं सांगितलं, की तेल अशा रीतीनं जाळायचं की काजळीच कमी होईल. कण कमी म्हणजे बर्फाचे खडे कमी, पण मोठे. ते लवकर खाली पडतात, ढग फार टिकत नाही. कधी कधी विमान जरासं खालून नेलं तरी भागतं. मामा मान हलवत होते, मधेच हरकत घेत होते, पुन्हा वर बघत होते.

या सगळ्यात मुलगा कुठं होता? जिन्याच्या दाराशी, फोनमध्ये. एकदाच त्यानं मान वर केली आणि विचारलं, "इथं रेंज कुठं मिळते?" आमच्या मुलीनं फार मायेनं त्याला गच्चीचा पलीकडचा कोपरा दाखवला.

संध्याकाळी ती नाही म्हणाली. हे हिरमुसले. "घर किती चांगलं होतं!"

"घर चांगलंच आहे बाबा. मला मुलाशी लग्न करायचंय."

पुढं तिकडूनही नकारच आला, त्यामुळं कुणी कुणावर रुसलं नाही. मग एका सकाळी मामांचा फोन आला. यांना वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण मामा म्हणाले, "लग्नाचं जाऊ द्या, पोरं बघतील त्यांचं. तुमच्या पोरीचा नंबर द्या. इथं एक रेघ हाय, मघापासनं जाईना झालीय."

तेव्हापासून ते तिला शेतातून आभाळाचे फोटो पाठवतात. भर पावसाळ्यात उघडीप पडली तेव्हा त्यांनी नुसतं निळं आभाळ पाठवलं, खाली लिहिलं, "आज रेघ बी नाय, पाऊस बी नाय. आता शिव्या कुणाला देऊ?"

दिवाळीत आम्ही तिघं गंगापूरला गेलो. मामांनी मुलीला थेट कपाशीत नेलं आणि दोघं माना वर करून भांडत बसले. मामींनी मला ताटात धपाटी वाढली आणि म्हणाल्या, "लई शिकवलं तुमच्या पोरीनं. वर बघून बघून ह्यांची मान आखडलीय. रोज तेल मीच चोळती."