डाव्या चाकाचा आवाज

त्या वर्षी मी देवाचं नाव घेणं सोडलं होतं. पहिलं मूल सव्वा महिन्याचं होऊन गेलं आणि आता बायको अकरा दिवसांपासून तापात होती. ती मला ओळखेनाशी झाली, तेव्हा ज्यांच्याकडे मी ड्रायव्हर होतो त्या मालकांनी मोटार दिली. आईच्या मांडीवर तिचं डोकं ठेवून भर दुपारी सेलूहून वर्ध्याच्या दवाखान्याकडे निघालो.

तीनचार मैलांवर पुढच्या डाव्या चाकातून घरघर सुरू झाली, मग टकटक. स्टिअरिंग थरथरू लागलं. मी चाक काढलं, ब्रेक पाहिला, काही सापडलं नाही. पुन्हा बसवून निघालो, तर आवाज दुप्पट. आई म्हणाली, "देवाचं नाव घे रे."

"घेऊन काय झालं, माय?" मी ओरडलो आणि रस्त्यावरच बसलो. मागे बायकोची धाप ऐकू येत होती. हात चालेनात.

तेवढ्यात समोरून एक बैलगाडी आली. म्हातारा गाडीवान खाली उतरला. "काऊन बसले, भाऊ?"

मी आवाजाचं आणि ब्रेक पाहिल्याचं सांगितलं. त्यांनी चाक पुन्हा उचलायला लावलं, वरखाली धरून हलवलं. "हे पाहा, डोलून राह्यलं. तुमी आवाजाले ब्रेकात शोधता, हे तं मधल्या आसावरच ढिलं हाय."

मोटारीतलं यांना काय कळणार, असं मनात आलं. पण माझं शहाणपण संपलं होतं. मी पाना त्यांच्या हाती दिला. त्यांनी मधली टोपी काढली. आतली पिन तुटून नट सैल झाला होता. पवनारच्या पुलावर चाक निखळलंच असतं. त्यांनी नट आवळला, आपल्या गाडीचा एक खिळा पिनेच्या जागी घालून वाकवला.

"हळू नेजो," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी फारशी आशा दिली नाही. दोन दिवस मी व्हरांड्यात बसून होतो. देवाकडे काही मागितलं नाही, भांडलोही नाही. तुझी आहे, तू बघ, एवढंच म्हणत राहिलो. त्या गाडीवानांना देव म्हणण्याचं धाडस मला आजही होत नाही. पण माझे हात थकले, तेव्हा दुसरे हात आले. ज्यानं ते धाडले, त्याच्यावर भार टाकायला मी तिथेच शिकलो.

तिसऱ्या सकाळी तिनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहून क्षीण आवाजात म्हणाली, "तुमी जेवले का?"

मी तिथेच हात जोडले.