तांदूळबंदी आणि आमची मिल

२०२३ साल, अधिक श्रावण, धानाची रोवणी अर्धी आटोपलेली. सरकारने पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि आमच्या गोंदियातल्या राईस मिलसमोरच्या चहाटपरीवर किस्से साचू लागले. मिलमध्ये साचणारा कोंडा निदान विकला तरी जातो!

मी मिलमध्ये हमालांचा मुकादम. शिक्षण चौथी. म्हणालो, "बंदी बरोबर आहे. आधी घरच्यांच्या ताटात."

कामठा गावचा देवाजी धान पिकवतो. भडकला. "तू तांदूर इकत घेतोस, तुले बंदी गोडच लागन! माया धानाचे भाव पडले त्याचं काय?"

"पुढच्या वर्षीच्या दिवाळीआधी बंदी उठली, तर परदेशी जाणारा तुझ्या तांदळाचा पहिला कट्टा मी स्वतः ट्रकवर चढवीन."

वीस वर्षांत मी एकही पोते पाठीवर घेतले नव्हते. हमाल हसले. मी पाहिले. थांबले.

*

मिलचे मालक शेठ सकाळी गरजले, "मार्केट खुला होना चाहिए! सरकार बीच में क्यों आती है?"

दुपारी छत्तीसगडचा स्वस्त तांदूळ गोंदियात उतरला. शेठ ओरडले, "नाके पे रोको इनको!"

देवाजी म्हणाला, "शेठ, सरकारले बोलावू का?"

*

दिवाळीनंतर तोच देवाजी सरकारी धान खरेदी केंद्रावर रांगेत दिसला.

मी विचारले, "काऊन रे? सरकारचा हात नको होता ना?"

"अडवणारा नको. देणारा चालते!"

*

घरी मी बायकोला बंदी समजावत होतो. ती तुरीची डाळ वाढत होती. म्हणाली, "दुकानदार म्हणे, हे डाळ आफ्रिकेतून येते. आपण त्याईले जाणारा तांदूर अडवला, अन् त्याईचीच डाळ खाऊन राहिलो. त्याईनं अडवली तं?"

मी दुसरी वाटी मागितली नाही.

*

बंदीमुळे मिल आठवड्यातून चारच दिवस चाले. हमालांची मजुरी तेवढीच बुडे. माघात ते कचारगडच्या देवाच्या यात्रेला जाऊन आले.

मी विचारले, "काय मागितलं?"

"बंदी उठू दे म्हटलं. अन् तुमची पाठ साबूत राहू दे, मुकादम!"

*

२०२४. दिवाळीला महिना होता. शेठने मोबाइलवर बातमी वाचली. बंदी उठली!

देवाजीचे लवकर येणारे हलके धान कापून, भरडून तयार झाले. बंदराकडे जाणारा ट्रक फळी लावून उभा राहिला. माझे हमाल दोन्ही बाजूंना रांगेत उभे. कोणी कामाला हात लावेना.

शेठ म्हणाले, "अरे, छोड़ दो मुकादम, उमर देखो!"

देवाजीचा आवाज खाली आला. "राहू दे ना, बुढ्या. नाहीतर तो पंचवीस किलोचा घे."

मी पन्नास किलोच्या थप्पीकडे बोट दाखवले. "पाठीवर दे."

त्यानेच दिला. फळी लवली. मी चढलो, कट्टा ट्रकात लावला, खाली उतरलो.