बटनं नकोत, भिल्ल हवेत

मालतीबाई जामबागेतल्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपसमारंभात त्यांना एक पितळी समई मिळाली आणि 'आता आराम करा' असा सल्ला. समई त्यांनी ठेवून घेतली.

आरामाचं खातं तसंही घरात त्यांच्या नवऱ्याकडे, प्रभाकररावांकडे होतं. सरकारी नोकरीतून सुटल्यावर या गृहस्थांना एकच नाद लागला, बोटभर उंचीच्या ओतीव सैनिकांच्या लढायांचा. नामपल्लीत एका कापडदुकानाच्या माडीवर दर रविवारी पाचसात म्हातारे जमायचे, टेबलावर लगद्याचे डोंगर मांडायचे, फासे टाकून जुन्या लढाया नव्याने लढायचे. एका रविवारी प्रभाकररावांचा गुडघा धरला. तसा निरोप द्यायला मालतीबाई गेल्या, मंडळी 'बसा जरा' म्हणाली म्हणून नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या आणि संध्याकाळपर्यंत समोरच्याच्या सगळ्या तोफा घेऊन मोकळ्या झाल्या. ती खुर्ची प्रभाकररावांना काही परत मिळाली नाही.

"अगं, सभासद मी आहे!"

"मग तुम्ही घरून पाठिंबा द्या."

यंदा दिवाळीनंतरची मोठी लढाई ठरली ती अजिंठ्याच्या डोंगरातल्या भिल्लांची आणि कंपनी सरकारच्या पलटणीची. या लढाईमंडळाचे प्रमुख भगवंतराव वकील. त्यांच्याकडे लाल डगल्यांची अख्खी पलटण तयार होती, दर शिपायाच्या छातीवर बटनांचे सोनेरी ठिपके. भिल्ल कोण घेणार म्हटल्यावर मालतीबाईंचा हात वर. शाळेच्या पुस्तकात भिल्लांना एकच वाक्य होतं, 'इंग्रजांनी भिल्लांचा बंदोबस्त केला', आणि जन्मभर ते वाचताना त्यांचं पित्त खवळायचं. बंदोबस्त डासांचा करतात!

पण मंडळाचा नियम कडक. बाहुल्याच्या हातात जे हत्यार दिसेल, तेवढंच त्याचं. तलवार दिसली तर तलवार, काही दिसलं नाही तर गडी निःशस्त्र. म्हणजे धनुष्य धरलेले भिल्ल हवेत.

ते मिळेनात. मालतीबाईंनी संगणकावर देशोदेशीची दुकानं पालथी घातली. लाल डगलेवाले हवे तेवढे, उभे, बसलेले, बिगूल फुंकणारे, एक तर चक्क हुक्का ओढणारा. आणि त्यांच्याशी लढलेले? एका पाकिटात सगळे कोंबलेले, वर नाव 'जंगली टोळी'. डोक्यावर अमेरिकेतली पिसं, हातात आफ्रिकेतली ढाल. एका दुकानदाराने उत्तर धाडलं, या मालाला मागणी नाही.

"मी मागतेय ना, मग मागणी नाही कशी?" मालतीबाई पडद्यावर ओरडल्या.

"त्याला ऐकू जात नाही," प्रभाकरराव म्हणाले.

भगवंतरावांनी मोठ्या मनाने तोडगा काढला. "वहिनी, कशाला जीव आटवता? भिल्लांच्या जागी बटनं ठेवू. शर्टाची. काळी. नियमाला तेवढी सूट देतो."

"तुमच्या पलटणीच्या जागी ठेवा की बटनं. निम्मी तर छातीवर आहेतच."

"माझे शिपाई तयार आहेत हो. तुमचे लढाईपर्यंत आले नाहीत, तर बटनं. ठरलं."

मालतीबाई अंबरपेठेतल्या घरी आल्या आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर पुटी, म्हणजे वाळली की कडक होणारी लांबी, मळायला लागल्या. मुंडासं, गुडघ्यावरचं धोतर, पाठीवर बाणांचा भाता, पुढे केलेली मूठ. पहिला गडी प्रभाकररावांसारखा पोक काढून उभा राहिला, तो मोडला. पुढचा जमला. चारमिनारजवळ बिल्ले आणि ढाली ओतणारे करीमभाई होते, त्यांच्याकडे साचा करायला दिला. धनुष्य एवढं बारीक की अंगासकट ओतलं तर मोडणार, म्हणून ते वेगळं ओतायचं ठरलं. मालतीबाईंनी फोनवरून सांगितलं. भिल्लांचा 'कामठा' म्हटलं तर करीमभाईंना कळायचं नाही, म्हणून धनुष्याला खास दखनी शब्द, "भाई, सबके लिए एक एक कमान भी बना दो. पतली. आदमी के क़द की."

"हौ अम्मा."

लढाईच्या आदल्या दिवशी करीमभाईंच्या दुकानात त्यांनी डबा उघडला. भिल्ल झकास. आणि त्यांच्या शेजारी, ओळीने, उभट, गोल माथ्याच्या चिमुकल्या दरवाजाच्या कमानी!

"ये क्या है, भाई?"

"कमान. तुमिच बोले ना अम्मा?" करीमभाईंनी दुकानाबाहेर बोट दाखवलं. समोर चारमिनारजवळच्या जुन्या चार कमानींतली एक अजस्र कमान उभी होती, तिच्याखालून ऑटो चालले होते. "मैं सोचा, हर सिपाही का अपना दरवाज़ा. बड़ी इज़्ज़त की बात है."

दखनीत कमान म्हणजे धनुष्य, तशी दरवाजाचीही कमानच. मराठीत तरी कमान म्हणजे दुसरं काय असतं! 'तीरकमान' म्हटलं असतं तर भागलं असतं, पण तीर भात्यात होते, म्हणून बाईंनी शब्द वाचवला होता.

घरी आल्यावर प्रभाकररावांनी शर्टाच्या बटनांचा डबा हळूच टेबलावर ठेवला. मालतीबाईंनी तो हळू नाही, चांगला आपटून बाजूला सारला. एक कमान उचलली. धातू मऊ होता. दोन्ही पाय चिमट्याने धरून जरा फाकवले. आणखी जरा.

"अहो, चष्मा द्या. आणि डिंक."

दरवाजा वाकत वाकत धनुष्य झाला. दोरीला दोरा जाड पडेना का, डोक्यावर पिकलेलं पीक होतंच. त्यांनी स्वतःचा एक पांढरा केस उपटला.

रविवारी भगवंतराव भिंग घेऊन वाकले. एकेक भिल्ल बघितला. "दोरी आहे का?"

"ओढून बघा."

"पांढरी कशी?"

"त्यांच्या कामठ्याला असली दोरी नसायची, ठाऊक आहे मला. ही माझ्याकडून. नियमात दोरीचा रंग लिहिलाय?"

नव्हता. भगवंतरावांनी बटनांची पुरचुंडी खिशात घातली. टेबलाच्या कडेला त्यांनीच लिहिलेली चिठ्ठी होती, 'कंपनी सरकारची पलटण विरुद्ध टोळ्या'. मालतीबाईंनी 'टोळ्या' खोडलं, ठसठशीत अक्षरात 'भिल्ल' लिहिलं आणि आपले गडी एकेक करून डोंगरावर चढवले.

डब्यात एक कमान जास्तीची उरली होती. ती त्यांनी वाकवली नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी, खिंडीच्या तोंडावर, ती त्यांनी तशीच उभी केली.

"हे काय आता?" भगवंतराव म्हणाले.

"तुमच्या पलटणीसाठी दार. वर यायचं तर इथून, एकेकाने, टोप्या काढून. टाका फासे."