दुरुस्तीतला साहेबांचा वाटा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे साहेबांना, कॉम्प्युटरपेक्षा कॉम्प्युटर लॅबच्या उद्घाटनाचे फोटो जास्त प्रिय होते. लॅबमधली कोणती मशिनं चालू, कोणती बंद, हे पडद्यावर दाखवणारं एक सॉफ्टवेअर मी बसवलं होतं. परदेशातल्या एका माणसानं ते लिहून कोडसकट सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं. कुणीही त्यात दुरुस्ती करावी आणि त्याला पाठवावी. चालू मशिन हिरवं, बंद मशिन लाल. एवढं साहेबांनाही कळत होतं, म्हणून त्यांनी तो पडदा केबिनबाहेर मांडला, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर छाप पडावी म्हणून.

पण चांगली चालू असलेली मशिनंही मधूनच लाल व्हायची. मग लॅबचे शिपाईमामा, कर्जतकडचे, मला वर्गातून बोलवायला यायचे. "मॅडम, परत समदं लाल झालंय. सायेब लई तापलेत."

साहेब म्हणाले, "तपासणी समिती येणार आहे. सगळं कायम हिरवं दिसेल असं करून टाका."

"मग बंद पडलेलं मशिन कळणार कसं?"

"कळायची गरज काय आहे?"

मी कोड वाचायला बसले. सॉफ्टवेअर प्रत्येक मशिनला एकदाच हाक मारायचं आणि आमच्या जुनाट केबलवरून उत्तर यायला उशीर झाला की मशिन मेल्याचं जाहीर करायचं. मशिन मेलं असं ठरवण्याआधी मी त्याला पुन्हा पुन्हा हाक मारायला लावलं. काम मोजक्या ओळींचं, पण नेमकी जागा सापडेपर्यंत डोकं पिकलं. मग ती दुरुस्ती मी माझ्या नावानं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या त्या माणसाला पाठवली.

इंटरनेट फक्त साहेबांच्या केबिनमध्ये, त्यामुळे उत्तर आधी त्यांनीच वाचलं. दुरुस्ती स्वीकारली होती आणि श्रेयात नाव कसं द्यायचं ते विचारलं होतं.

"विभागप्रमुखांचं नाव आधी येतं, मॅडम. पद्धत आहे तशी."

"हे मी एकटीनं केलंय, सर."

त्यावर त्यांनी स्वतःच मेल लिहिली. पदव्या, हुद्दा, आपलं अमूल्य मार्गदर्शन, सगळं आलं त्यात. उलट एकाच ओळीचं उत्तर आलं: दुरुस्तीतल्या कोणत्या ओळी तुम्ही लिहिल्या?

साहेबांनी मला बोलावलं. "काय लिहू?"

"खरं ते लिहा."

मोडेम बंद करून ते म्हणाले, "या लोकांना ज्येष्ठांशी बोलायची रीत नाही."

पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती माझ्या एकटीच्या नावानं आली. समिती आली त्या दिवशी एक मशिन खरोखरच बंद होतं. साहेब पडद्यावरच्या तेवढ्या लाल खुणेला पाठ लावून उभे राहिले. समितीतल्या एकानं विचारलं, "सॉफ्टवेअर कुणाचं?"

"आमच्याच विभागाचं."

मी शेजारीच होते. ज्याला स्वतःची एक ओळ दाखवता आली नाही, त्याच्याशी श्रेयासाठी भांडणं मला कमीपणाचं वाटलं.