शंभर वर्षं टिकणारा खांब

साइटवर उरलेलं काँक्रीट फेकून तरी देता येतं. किस्से कुठे फेकणार? डोक्यात साचून घट्ट होतात!

लालबागला आमच्याच चाळीच्या जागी टॉवर होतोय आणि काँक्रीटची क्वालिटी माझ्याकडे. जुन्या घरात छताचा ढलपा आईच्या उशीवर पडला होता. ती नळावर गेली होती म्हणून वाचली! कारण एकच, मीठ. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ झिरपतं, आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फुटतं. आता आई पुन्हा तिथेच राहायला येणार. माझा जीव थाऱ्यावर नसतो, रात्री झोप नाही.

परवा मिक्सरचा ड्रायव्हर पाइप घेऊन उभा. "साहेब, माल घट्ट झालाय. पाणी मारू थोडं?"

"चहा आहे का तो, पाहुणे आले म्हणून वाढवायला?" मी गाडीच परत पाठवली.

जाताना म्हणतो, "निदान चहा तरी पाजायचा, साहेब!"

सावंत आमचा सुपरवायझर. सळईवर काँक्रीटचं जाड पांघरूण हवं, हे त्याला शंभरदा सांगितलंय. तरी एकदा सळई पार साच्याच्या फळीला टेकवलेली! "सावंत, पांघरूण कुठेय?"

"मुंबईत कसली थंडी, साहेब?"

माटुंग्याला चुलतभावाचं लग्न. मंगलाष्टकं चालू आणि मी फोनवर, "गोणपाटं ओली आहेत ना? स्लॅब सुकू देऊ नका!" भटजी थांबले. "आधी ह्यांचा स्लॅब उरकून घेऊ या का?"

चाळीचे सेक्रेटरी काका शिवाजी पार्कात गाठतात. "टॉवर शंभर वर्षं टिकेल म्हणतोस. नव्व्याण्णवाव्या वर्षी पडला तर तक्रार कुणाकडे?"

"माझ्याकडेच या, काका."

"म्हणजे आपण दोघं असणार तर!" काका खूश होऊन आणखी एक फेरी मारायला गेले.

आणि गेल्या आठवड्यात आईच्या विंगचा पहिला खांब. नारळ फोडायला तिलाच बोलावलं. सळया चकाचक, फळ्या घट्ट, गाडी गेटवर. मी सगळं चारदा तपासलं, पाचव्यांदा वळलो, तर आई मूठ ओवाळत खांबाभोवती फिरतेय! मीठ, मोहऱ्या, मिरच्या. आणि अख्खी मूठ वरून फळ्यांच्या आत!

"आई! आत काय टाकलंस?"

"मग दिष्ट जाळूक हय चूल खय आसा?"

"सावंत, गाडी थांबव!"

आईने माझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "झिला, आता तरी नीट झोपशीत मा?"