पडणारा पैलवान

कुणी घसरून पडलं की आपण विचारतो, "लागलं का?" तो विचारायचा, "कसं पडलात?"

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना ठाऊक असेल, बर्फाच्या कारखान्याची फरशी कधी कोरडी नसते. बर्फाच्या लाद्या ओढून ओढून ती काचेसारखी गुळगुळीत होते. नवा माणूस पहिल्या दिवशी आडवा होतोच. मी सुपरवायझर म्हणून रुजू झालो त्या सकाळी मीही झालो, नव्या कोऱ्या पँटसकट. समोरून एक धिप्पाड माणूस लोखंडी आकड्याने लादी ओढत येत होता. तो थांबला आणि शांतपणे म्हणाला, "कसं पडलात, साहेब?"

"कसं म्हणजे? पडलो!"

"तसं न्हवं. आधी हात टेकला का पाठ?"

मी जरा आठवून म्हणालो, "हात."

"चुकलं," असं म्हणून त्याने मान हलवली आणि लादी ओढत पुढे निघून गेला.

कारखान्यात त्याला सगळे पैलवान म्हणत. घाटावरचा, कोल्हापूरकडचा माणूस. मान जवळजवळ नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. दोन्ही कान सुकलेल्या आमसुलांसारखे चुरमडलेले. कुस्तीत कान असे होतात हे आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं, तेवढ्या पुराव्यावर आम्ही त्याला मोठा मल्ल ठरवून टाकलं. आमच्याकडे कबड्डी भरपूर, कुस्ती कुणी फारशी पाहिलेली नाही. होड्यांवरचे तांडेल बर्फ न्यायला आले की आपल्या खलाशांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगत, "बघ, ह्याची पाठ अजून कोणी मातीला लावलेली नाय." तो लादी ओढत राही. होही नाही, नाहीही नाही.

पहिलं वर्षभर त्याने मासळीला तोंड लावलं नाही. "एवढ्या काट्यांतनं खायचं काय?" म्हणायचा. दहा वर्षांनी तोच माणूस बांगड्याचे कल्ले उघडून "हा कालचा हाय" असं सांगायला लागला आणि कोळणी त्याच्यावर डाफरायला लागल्या. बायको गावी असायची, सासू-सासऱ्यांपाशी. यात्रेला आणि गणपतीला तो घरी जाई. डावा गुडघा कुस्तीत निकामी झाला, तेव्हा तिने त्याला गावदेवीसमोर उभं करून शपथ घ्यायला लावली होती, पुन्हा मातीत उतरायचं नाही. हे मात्र त्याने स्वतः सांगितलं होतं, आणि सांगताना आवाज उगीचच हळू केला होता.

मग एका हिवाळ्यात मुंबईहून सिनेमाची माणसं आली. सिनेमाचं नाव सांगून उपयोग नाही, तुम्हाला आठवणार नाही. हाडकुळा शिंपी एका पैलवानाची मापं घ्यायला जातो, लोक चुकून त्यालाच आखाड्यात ढकलतात आणि शेवटी तो भल्याथोरल्या मल्लाला चीत करतो, अशी सगळी खुळचट मजा. शिंपी झालेला नट जेमतेम चोवीस वर्षांचा होता, त्याचा तो पहिलाच सिनेमा. भल्याथोरल्या मल्लाची मात्र त्यांना गरज होती. विचारत विचारत ते आमच्या कारखान्यात आले आणि पैलवानाला पाहून त्यांचे डोळेच चमकले.

आम्हाला वाटलं, हा त्यांना हाकलून देणार. अपराजित माणसाने त्या काडीकडून पडायचं? तो म्हणाला, "खोटी कुस्ती हाय न्हवं? मग करतो."

भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत त्यांनी लाल माती पसरून आखाडा केला. कडेने जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची रांग लावली. चहूबाजूंनी फळ्या टाकून त्यांवर माणसं बसवली. त्यांत आमचा अर्धा कारखाना होता. चहाच्या वेळी पैलवान लाल लंगोटावर टॉवेल गुंडाळून माझ्याशेजारी येऊन बसला. मी न राहवून विचारलं, "पैलवान, एवढ्या कुस्त्या मारल्यात, आता ह्या पोराकडून पडायला कसंसं नाही वाटत?"

"कुस्ती एकच मारली, साहेब."

"एकच? कुणाशी?"

"त्यो आलाच न्हाई. पण माझ्या नावाचा पुकारा झाला, जिंकल्याचा नारळ मिळाला."

मला हसावं की नाही कळेना. तो कपात बघत सांगत राहिला. तालमीत एक तयारीचा मल्ल होता, नाव कमावलेला. त्याला रोज डाव घोटायला अंगापिंडाचा जोडीदार लागे. हा तो जोडीदार. रोज पहाटे त्याने उचलायचं, ह्याने पडायचं. तो मैदानाला गेला की हा तालमीतच राहायचा, माती ओली करत.

"सहा वर्षं पडलो," तो म्हणाला. "लई ब्येस पडायचो. वस्ताद म्हणायचे, असा पडणारा दुसरा न्हाई. पण एकाबी मानसानं बघितलं न्हाई. आज बघा की, फळ्या भरल्यात."

टॉवेल माझ्या मांडीवर ठेवून तो उठला.

आणि काय पडला म्हणून सांगू! त्या नटाला त्याचा एक पायसुद्धा उचलता येत नव्हता. पैलवानच त्याच्या हातांतून उसळायचा, हवेत आडवा व्हायचा आणि धप्पकन पाठीवर यायचा. त्या एवढ्याशा पोराने खरंच उचलून फेकलं असं वाटे. लोक खदखदून हसत, शिट्ट्या मारत. दिग्दर्शकाने आठ वेळा पाडलं, आठही वेळा तो वेगळा पडला. प्रत्येक वेळी उठताना तो आधी फळ्यांकडे बघायचा, नवरदेव मांडवाकडे बघतो तसा.

नवव्या वेळी नटाचा पाय मुरगळला. दोघं एकमेकांत अडकून मागे गेले, नटाचं डोकं थेट चिऱ्यांवर आदळणार होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. पैलवानाने हवेतच अंग फिरवलं, पोराला छातीवर घेतलं आणि स्वतःचा खांदा चिऱ्यावर घेतला. डोळे बाहेर आले, तोंड वासलं, एक गाल वर चढला. दिग्दर्शक ओरडला, "वा! झालं!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी धावत गेलो. तो आडवाच होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "साहेब, कसं पडलो?"

"झकास."

"मग आता धरून उठवा. उजवा हात वडू नका, खांदा गेलाय."

नटाला त्याने जुनं दुखणं आहे असं सांगितलं. "पोराचा पयला पिक्चर हाय, जीवाला लावून घील," म्हणाला. आणि गावी बायकोला निरोप धाडला, कारखान्यात बर्फावर घसरलो. आमच्या सगळ्यांकडून वचन घेतलं की वहिनींसमोर हेच बोलायचं.

वहिनी आल्या त्या राहिल्याच. उंच, सडसडीत बाई, बोलणं मोजकं. त्या मिरकरवाड्यातल्या एका खोलीत राहून त्याला न्हाऊ-जेवू घालत. खांदा जुळला, पण हात छातीच्या वर जाईना. मालकाने त्याला लाद्यांवरून काढून फाटकावर बसवलं. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, त्या फरशीवर काथ्या तरी टाका. आज ह्यांचा हात गेला, उद्या दुसऱ्या कुणाचा जाईल." दुसऱ्या दिवशी मी काथ्या टाकून घेतला. दुसरं काय करणार?

सिनेमा रत्नागिरीत लागला तेव्हा अख्खा कारखाना गेला. पैलवानाने वहिनींना सांगितलं होतं, नुसतं उभं राहायचं काम आहे. पण ऐन वेळी न नेण्याला त्याला कारण सुचेना. मी त्यांच्या मागच्या रांगेत होतो.

शेवटची कुस्ती आली. थिएटर नुसतं हसत होतं. पडद्यावर तो चेहरा आला, बाहेर आलेले डोळे, वर चढलेला गाल, आणि माणसं खुर्च्यांवर हात आपटायला लागली. तेवढ्यात वहिनी उभ्या राहिल्या आणि किंचाळल्या, "अगं आई गं! हात मोडला त्यांचा!"

लोकांना वाटलं ही पण गंमतच. ते आणखी हसले.

वहिनींनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "बर्फावर पडला होता न्हवं?"

तो पुटपुटला, "बस की खाली. लोक बघत्यात."

त्या बसल्या. त्याचा उजवा हात त्यांनी दोन्ही हातांनी आपल्या मांडीवर घेतला आणि सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. पण त्यानंतर चार दिवस त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ताट वाढून समोर ठेवायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या. पाचव्या दिवशी तो समजावायला गेला, तर म्हणाल्या, "त्या मातीचं नाव माझ्यापुढं काढायचं न्हाई." त्याने काढलं नाही. शूटिंगची गोष्ट साऱ्या बंदराला पाठ झाली, फक्त त्याच्या घरात ती कुणी सांगितली नाही.

पुढे एका शाळेच्या बाई त्याला शोधत फाटकावर आल्या. त्यांच्या कबड्डीच्या मुली पडून पडून कोपरं फोडून घेत होत्या. मग दर रविवारी सकाळी भाट्याला, सुरूच्या झाडांपुढे, बारा मुली ओळीने पडायला लागल्या. "हनुवटी छातीला. श्वास सोडा. परत पडा." वहिनी सुरूच्या सावलीत पाण्याची कळशी घेऊन बसलेल्या असत. त्यांनी पहिल्याच रविवारी आठवण करून दिली होती, "देवीसमोर काय बोलला होता?" तो म्हणाला, "मातीत उतरणार न्हाई म्हणलो होतो. ही वाळू हाय." कळशी तेव्हापासूनची.

वहिनींचे सासरे गेले, सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा दोघं गावी परतली. मी अधूनमधून फोन करायचो. गेल्या माघात वहिनींचाच आला. "सकाळी चहा घेतला आणि आडवे झाले. उठलेच न्हाईत."

आंबा घाटातून पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ओसरीवर माणसं बसलेली, आत बायका. शेजारणीने चहा आणून ठेवला. थोड्या वेळाने वहिनी बाहेर आल्या आणि माझ्यासमोर खाली बसल्या.

"भाऊजी, तुम्ही तिथं होता न्हवं? त्या शूटिंगला?"

"होतो."

"मी त्यांना कधी सांगू दिलं न्हाई. आता तुम्ही सांगा. पयल्यापासनं."

मी सांगू लागलो. लाल लंगोट, फळ्यांवरची गर्दी, ती एकच कुस्ती आणि न आलेला गडी. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मग मी नटाचं सांगितलं. त्याने पैलवानाच्या कमरेला मिठी मारली, जोर लावून लावून पोराचं तोंड लाल झालं, आणि हा आपला खांबासारखा उभा. शेवटी हा वाकून त्याच्या कानात म्हणाला, "पोरा, तू फकस्त धर आणि दात-ओठ खा. उडायचं काम माझं." आणि उडाला!

वहिनींचा खांदा हलला. मला वाटलं रडतायत. पदर तोंडात कोंबून त्या हसत होत्या. थांबवायला बघत होत्या, पण थांबेना. आतून दोन बायका दाराशी येऊन बघायला लागल्या. वहिनींनी डोळे पुसले, त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही.

"मग?" त्या म्हणाल्या. "उडाले, आणि मग?"