आधी पडदा, मग दिवा

अमेरिकेत वूस्टरला एमएस करत होते तेव्हा जवळच्या श्रूजबरीतल्या एका घराचा वरचा मजला आम्ही दोघींनी भाड्याने घेतला होता. मी नांदेडकडची, ती बेलफास्टची. पहिल्याच संध्याकाळी बॅगा घेऊन आत शिरलो, आत काळोख. मी बटणाकडे हात नेला तर ही बया ओरडली, "कुर्चीन!" म्हटलं, चक्करबिक्कर आली की काय, खुर्ची मागतेय. अंधारात धडपडत स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली. तोवर ती खिडकीशी जाऊन पडदा ओढत होती. दिवा लागला तेव्हा मी खुर्ची धरून उभी, आणि ती माझ्याकडे बघतेय.

कुर्चीन म्हणजे पडदा, त्यांच्या आयरिश भाषेत. त्यानंतर "खुर्ची" हा एकच मराठी शब्द तिने पाठ केला आणि वर्षभर माझा छळ मांडला.

त्यांच्या घरी नियम होता, आधी पडदा, मग दिवा. तिच्या आईचा धाकटा भाऊ दिवा लावलेल्या खिडकीत उभा होता आणि बाहेरून कुणीतरी गोळी झाडून त्याला मारलं. हे तिच्या जन्माआधीचं, बेलफास्टात रोज गोळीबार चालायचा तेव्हाचं. तिला एवढंच ठाऊक, तेही शेजारणीकडून. आईला विचारलं की आई भांडी घासायला घ्यायची. पोरगी मोठी झाली तोवर तिथला गोळीबार थांबलाही होता, पण हात आधी पडद्याकडेच जायचा.

मी कुठल्या तोंडाने हसणार? आठवड्याभरात तिनेच विचारलं, "तू दोघींचेही बूट दाराकडे तोंड करून का ठेवतेस?" म्हटलं, आईची सवय. माझ्या जन्माआधी आमची वस्ती पेटवली होती, आणि आई अनवाणी शेतातून पळाली होती. काटे मोडलेल्या पायांनी. तेव्हापासून आमच्या घरात चपला पळायच्या दिशेनेच असतात. आईने हे मला कधी सांगितलं नाही, मावशीने सांगितलं. आई अजूनही फोनवर "जय भीम" म्हणताना आवाज खाली आणते. इतक्या लांब मी बसलेय, ऐकायला कुत्रं नाही, तरी. मला असा राग येतो ना! तिचा नाही. ज्यांनी तो आवाज खाली आणला त्यांचा.

तर ही मुलगी रॅप करायची. आयरिशमधून. आंघोळ करताना, भात ढवळताना, बर्फ खरवडताना. मी म्हणायचे, "बाई गं, जात्यावर दळण घातल्यासारखं वाटतंय, जरा थांब." पण एक गाणं सुरू झालं की मी हातातलं काम सोडून ऐकायचे. त्याचं धृपद म्हणजे तिच्या आईचं वाक्य होतं, आधी कुर्चीन, मग दिवा. मामाबद्दल त्यात एकच ओळ होती, अर्थ तिनेच मला सांगितलेला, तो कोणत्या खिडकीत उभा होता ते मला कुणी सांगत नाही, अशी.

नोव्हेंबरात तिची आई आठवड्यासाठी आली. बारीक, टापटीप बाई. मी तिला मावशी म्हणायचे. रविवारी वूस्टरमधल्या एका पबमध्ये पोरीचा कार्यक्रम होता, आणि तिला एवढंच हवं होतं की आईने ते गाणं एकदा पुरतं ऐकावं. आई म्हणाली, "इंग्रजीत गा. नाहीतर गाऊ नकोस. घरातलं चारचौघांत कशाला?" चहाच्या टेबलावर दोघींचं वाजलं. पोरगी रडली. "एकदा ऐक, मग जन्मात विचारणार नाही," म्हणाली. आई उठली आणि कप धुवायला लागली.

रविवारी पबमध्ये आली मात्र. कोट न काढता दाराजवळ बसली.

तिकडे नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार होतो. पबच्या दर्शनी भागात जमिनीपासून छतापर्यंत काच, पलीकडे रस्ता, आणि माइक बरोबर त्या काचेसमोर. तिचं नाव पुकारलं. ती जाऊन उभी राहिली, वरचा फोकस लागला, ठेका सुरू झाला. तिने एकदा मागे वळून काचेकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

ठेका पुढे गेला. तिचं तोंड उघडेना. मागच्या टेबलावर कुणीतरी हसलं. मग माइकमधून एवढासा आवाज आला, "कुर्चीन."

लोकांना वाटलं, गाणं सुरू झालं. ऐकणाऱ्यांत तो शब्द कळणाऱ्या मी आणि तिची आई, आम्ही दोघीच होतो. काचेला पडदा नव्हताच. माझे हात खुर्चीवर आवळले, काय करावं सुचेना. अगं बाई, कुणीतरी दिवा घालवा, एवढंच डोक्यात.

तिची आई उठली. टेबलांमधून वाट काढत पुढे गेली, माइकला वळसा घालून पोरीच्या मागे गेली आणि काचेला पाठ लावून उभी राहिली. कोटाची दोन्ही टोकं धरून तिने हात थोडे बाहेर पसरले. बाहेरून एखादी गाडी गेली की तिच्या खांद्यांवरून उजेड सरकायचा. ती हलली नाही.

पोरीने आईचा श्वास ऐकला असावा. ठेका पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला, आणि सुरू झाली. पहिल्यांदाच तो आवाज मी एवढा मोठा ऐकला. मामाची ओळ आली तेव्हा तिच्या आईने डोळे मिटले. मला रडू आवरेना. माझी आई या खोलीत हवी होती, इतकंच सारखं वाटत राहिलं.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या, पोरगी माइकपासून बाजूला आली. दुसरा कुणीतरी गिटार घेऊन त्याच काचेसमोर उभा राहिला. फोकस चालूच होता, आणि मावशी तिथेच उभी होती, काचेला पाठ लावून, हात पसरून. पोरीने दोनदा हाक मारली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "खुर्ची."

मी खुर्ची नेली. मावशी बसली नाही.